आर्खेया नेमेआ (ग्रीस): सप्टेंबरात तीन दिवस, देऊळ, द्राक्षमळे आणि वाइन. माहिती हवी

शिगमो (फोंडा)

पेलोपोनीजमधल्या आर्खेया नेमेआ, म्हणजे 'जुन्या नेमेआ' गावी सप्टेंबरात तीन दिवस राहायचं ठरतंय. सहा जण आहोत. दोघे दारूला शिवत नाहीत. एकाचं पोफळीचं कुळागर आहे, त्याला खांबांपेक्षा वेलींत जास्त रस. प्रवासी कंपन्यांची पानं वाचली, सगळीकडे तेच 'हर्क्युलिसचं रक्त' (तिथल्या वाइनचं टोपणनाव) आणि सूर्यास्ताचे फोटो. मला हवंय ते असं:

तिथे नेमकं काय बघायचं आणि किती वेळ लागतो? गावात वाइन होते ती कशी करतात, आकड्यांसकट? सप्टेंबरचा कुठला आठवडा धरावा? आणि परत आल्यावर नाशिकची द्राक्षं आणून गोव्यात घरी थोडी करून बघता येईल का?

---

खांबपारखी

आधी एक घोळ निस्तरा. नेमेआ दोन आहेत. एक तालुक्याचं गाव, ज्याचं जुनं नाव आयिओस येओर्यिओस, म्हणजे संत जॉर्ज. दुसरं आर्खेया नेमेआ, त्याच्या पूर्वेला चार-पाच किलोमीटरवर. देऊळ, स्टेडियम आणि संग्रहालय दुसऱ्या गावात. नुसतं 'नेमेआ' असं नकाशात टाकलंत तर पहिल्या गावच्या चौकात जाऊन उभे राहाल. मुक्काम कुठेही करा, खोली ठरवताना पत्ता मात्र नीट वाचा.

अथेन्सहून साधारण १२० किलोमीटर, दीड तास. कोरिंथपर्यंत द्रुतगती मार्ग, तिथून त्रिपोलीच्या रस्त्याला वळून नेमेआची फाटाखूण. वाटेत टोलनाके आहेत, सुटे युरो हाताशी ठेवा. अथेन्सच्या किफिसोस बसतळावरून बसही मिळते, पण मळे डोंगरभर विखुरलेले, त्यामुळे गाडीवाचून हाल. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या, गाडी उजव्या बाजूने चालवायची. चाखायला जाणार त्या दिवशी चालक ठरवून टाका, तुमच्यातल्या दोन न पिणाऱ्यांपैकी एक आयताच आहे. तिथली मर्यादा १०० मिली रक्तात ५० मिलिग्रॅम आहे, आपल्याकडच्या ३० पेक्षा सैल. पण चार ठिकाणी चाखलं की पन्नास कधी ओलांडले ते कळत नाही.

आता बघायचं काय. नेमेआ हे नगर नव्हतं, क्षेत्र होतं. जत्रा भरायची तेव्हा माणसं यायची, एरवी सामसूम. ऑलिंपिया, डेल्फी, इस्थमिया आणि नेमेआ ही चार अखिल-ग्रीक खेळांची ठिकाणं. नेमेआचे खेळ इ. स. पू. ५७३ पासून, दर दोन वर्षांनी. जिंकणाऱ्याला रानटी सेलेरीच्या पाल्याचा मुकुट मिळे. ओफेल्तेस नावाचं तान्हं मूल त्या पाल्यावर ठेवलं असताना सापाने मारलं, अशी कथा आहे. म्हणून पंच सुतकाचे काळे कपडे घालत.

झेउसचं देऊळ इ. स. पू. ३३० च्या सुमाराचं. शतकानुशतकं तीनच खांब उभे होते, आता पडलेले उचलून नऊ झालेत. उभ्या खांबांइतकेच आडवे बघा. एकेक खांब तेरा चकत्यांचा. पडलेल्या खांबाच्या चकत्या जमिनीवर ओळीने कलंडल्यात, विळीवर मुळा चिरून ताटात सारावा तशा. भूकंपाने नव्हे, माणसांनी पाडले. पाचव्या शतकात शेजारी चर्च बांधलं, त्याला दगड हवा होता. बाहेर डोरिक, आत कोरिंथियन आणि वर आयोनिक, असे खांबांचे तिन्ही ग्रीक घाट एकाच देवळात आहेत. देवळापुढची वेदी ४१ मीटर लांब, तिचा पाया दिसतो.

स्टेडियम तिथून पाच-सात मिनिटं चालत. अनेक जण देवळावरूनच परततात आणि खरा ऐवज चुकवतात. खेळाडू कपडे काढायचे त्या खोलीतून ३६ मीटरचा कमानदार बोगदा मैदानात उघडतो. भिंतीवर वाट बघत बसलेल्यांनी कोरलेली नावं आहेत. एकाने लिहिलंय 'अक्रोतातोस देखणा आहे', खाली दुसऱ्या हाताने, 'असं लिहिणाऱ्याला वाटतं'. बाकावर करकटकाने कोरणाऱ्या आपल्या पोरांना तेवीसशे वर्षांपूर्वीचे भाऊबंद सापडतील. पुढे मैदानात सुरुवातीच्या रेषेचा दगड आहे, त्यात पायाची बोटं रोवायला दोन समांतर खाचा. कडेने पाण्याची दगडी पन्हळ, मध्ये मध्ये कुंडी. १९९६ पासून याच मैदानावर अधूनमधून नव्या नेमेआ शर्यती होतात, सामान्य माणसं अनवाणी, अंगरखे घालून धावतात.

दोन्ही मिळून तीन तास. सकाळी उघडताच जा, कारण मैदानावर सावली नाही.

---

द्राक्षमोड

वाइनचं मी लिहितो.

जात एकच, अयोर्गीतिको. नाव त्या संत जॉर्ज गावावरून. लेबलवर 'नेमेआ' हे संरक्षित नाव लावायचं तर शंभर टक्के हीच जात आणि वाइन लालच हवी, सुकी किंवा गोड. गुलाबी वाइनही याच द्राक्षाची करतात, पण तिला 'नेमेआ' म्हणता येत नाही. हे नाव १९७१ पासून राखीव. आपल्या काजू फेणीला भौगोलिक मानांकन २००९ मध्ये मिळालं, तसाच प्रकार.

द्राक्ष एक, वाइन तीन तऱ्हेच्या, कारण उंची. साधारण २५० ते ४५० मीटरवरचा तळ सुपीक, घड भरघोस, साखर चटकन चढते, आंबटपणा लवकर उतरतो. ४५० ते ६५० चा मधला पट्टा सगळ्यांत तोलाचा: रंग, गर, टॅनिन (साल-बीचा तुरटपणा) तिन्ही. त्याहून वर आस्प्रोकाम्बोसकडे रात्री गार पडतात, आंबटपणा टिकतो, पण पीक उशिरा. म्हणून बरेच जण खालचं आणि वरचं मिसळतात. चाखताना 'कुठल्या उंचीवरचं?' एवढं विचारा, पुढचं संभाषण आपोआप चांगलं होतं.

आठवडा: तळातली तोडणी साधारण सप्टेंबरच्या पूर्वार्धात सुरू, वरची ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. तोडणीला ते 'त्रिगोस' म्हणतात. तुम्ही १५ ते २५ सप्टेंबर धरा: खाली टाक्या आंबत असतील, मधल्या पट्ट्यात घड उतरत असतील. या दिवसांत छोटा वाइनवाला कामात बुडालेला असतो, त्यामुळे आधी मेल किंवा फोन करून वेळ घ्या. न विचारता जाऊन उभं राहिलात तर बाटली विकत मिळेल, टाकी दाखवायला माणूस मिळणार नाही.

या जातीचं दुखणं असं. पीक घ्यायला हावरट, आणि घड कमी केले नाहीत तर वाइन पाणचट. केवडा, भुरी आणि घडकूज या तिन्ही रोगांना नाजूक. जुन्या वेलींत पान गुंडाळणारा विषाणू बराच आहे, त्याने द्राक्ष सारखं पिकत नाही. आणि ऐन तोडणीला पाऊस आला की वर्ष गेलं.

आता कृती, छोट्या घरच्या वायनरीत चालते तशी. घड १५-२० किलोच्या क्रेटमध्ये आणायचे, त्याहून खोल भांड्यात खालचे चेंगरून वाटेतच आंबतात. देठ काढून दाणे फोडायचे. टाकी पाऊणच भरायची. साली वायूने वर येऊन जाड टोपी धरते, काठोकाठ भरली तर ती बाहेर. फोडतानाच १०० लिटरला ३ ते ५ ग्रॅम गंधकवायू पडेल इतकं मेटाबायसल्फाइट (जंतू रोखणारी गंधकाची पूड). साखर २३-२४ ब्रिक्स (म्हणजे रसात शेकडा तेवढी) असली की वाइनमधलं अल्कोहोल १३ टक्क्यांच्या आसपास जातं (ब्रिक्सला ०.५५ ने गुणा). आंबण्याचं तापमान २५ ते २८. टोपी दिवसातून तीन-चारदा खाली दाबायची. न दाबल्यास वरची साल वाळते, माश्या बसतात आणि दोन दिवसांत शिरका तयार. सहा ते दहा दिवसांनी साली दाबून रस वेगळा, मग दुसरी, मंद आंबवण: तीत सफरचंदासारखा तिखट आंबटपणा दह्यासारखा मऊ होतो. नंतर टाकीत किंवा २२५ लिटरच्या ओकच्या पिंपात.

पायाने तुडवायचा दगडी हौद, 'पतितिरी', जुन्या घरांतून दिसतो. आपल्याकडे काजूची बोंडं 'कोळंबी'त, म्हणजे तुडवायच्या कुंडात, तुडवतात तेच काम. पायाने बी फुटत नाही, म्हणून कडू उतरत नाही. एवढंच शास्त्र, बाकी फोटोसाठी. चोथ्यापासून ते 'त्सीपुरो' ही कडक दारू गाळतात, छोट्या भट्ट्यांना त्यासाठी हंगामात मोजके दिवस परवानगी असते.

---

कुळागरवाला

पोफळीवाल्या मित्रासाठी. तिथल्या शेतकऱ्याशी भाषा न येताही बोलता येईल असा एक शब्द: 'गालाझोपेत्रा'. शब्दशः निळा दगड, म्हणजे मोरचूद. आपण पावसाआधी सुपारीच्या घोसांवर कोळेरोगासाठी जे बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारतो ते मुळात द्राक्षाच्या केवड्यासाठीच १८८० च्या दशकात फ्रान्समध्ये निघालं. सुपारीकडे नंतर आलं.

एक टक्क्याचं प्रमाण तेच: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं विरघळवायचं, प्लास्टिकच्या पिंपात, लोखंडी भांड्यात कधीही नाही. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओतायचं, उलट नाही, नाहीतर साका जाड बसून नोझल तुंबतं. मग लखलखीत लोखंडी सुरी मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी, पान भाजेल, वाढवा. त्याच दिवशी संपवा.

भुरीला गंधकाची भुकटी, सकाळी. ३२-३५ अंशांच्या उन्हात मारली तर दाण्यावर डाग. तोडणीआधी चार-पाच आठवडे गंधक बंद, कारण दाण्यावर उरलेला गंधक आंबताना कुजक्या अंड्याचा वास धरतो. चाखताना तसा वास आलाच तर ग्लास जोरात फिरवा. गेला तर किरकोळ, राहिला तर ती टाकी फसली.

आणि जमिनीचं माप विचाराल तेव्हा ते 'स्त्रेम्मा' सांगतील. १००० चौरस मीटर, म्हणजे दहा स्त्रेम्मांचा एक हेक्टर.

---

शिगमो (फोंडा)

भारी. गोव्यातल्या प्रयोगाचं राहिलं. वेलच लावला तर? आणि नसेल तर बाजारातल्या द्राक्षांचं काय होईल?

---

द्राक्षमोड

वेल नको. मांडव धरेल, सावली देईल, वाइनचं पीक नाही. वेलीला थंडीत झोप लागते, आपल्याकडे थंडीच नाही. नाशिकवाले वर्षातून दोन छाटण्या करून, एप्रिल आणि ऑक्टोबर, तिला फसवतात आणि कोरड्या फेब्रुवारी-मार्चमध्ये घड उतरवतात. आपल्या तीन हजार मिलिमीटर पावसात केवड्याशीच झुंजत बसाल.

विकतच्या द्राक्षांवर १० किलोचा प्रयोग करता येतो. पण अपेक्षा आधी खाली आणा: ती नेमेआ होणार नाही. खायचं काळं द्राक्ष साधारण १८ ब्रिक्सला तोडतात, साल पातळ, बी नाही, म्हणून टॅनिन नाही. बेंगळुरू ब्लू मिळाली तर तिला बी आणि आंबटपणा आहे, पण तिचा तो जांभळट शरबती वास वाइनमध्येही राहतो. सात भाग काळं बिनबियांचं आणि तीन भाग बेंगळुरू ब्लू, हा मला पटणारा तोल.

फेब्रुवारीअखेरीला करा, एप्रिलात नको. धुऊन पूर्ण सुकवा, कुजके दाणे हातानेच वेचा. एक कुजका घड सगळ्या बादलीला बाधतो. देठ सगळे काढा, हिरवा देठ कडू करतो. खाद्य दर्जाच्या २० लिटरच्या बादलीत हाताने फोडा. १० किलोचा साधारण ८ लिटर लगदा होतो.

मेटाबायसल्फाइट ०.५ ग्रॅम लागतं. चमच्याने मोजू नका, १० ग्रॅम १०० मिली पाण्यात विरघळवा आणि त्यातले ५ मिली घाला. बारा तास झाकून ठेवा. हायड्रोमीटर किंवा रिफ्रॅक्टोमीटरने साखर बघा. १८ असेल आणि २२ हवी असेल तर लिटरमागे ४०-४५ ग्रॅम साखर, म्हणजे अंदाजे ३००-३५० ग्रॅम, रसातच विरघळवून. सामू (पीएच) ३.७ च्या वर असेल तर टार्टारिक आम्ल लिटरमागे १ ग्रॅम, मग पुन्हा मोजा. लिंबू पिळू नका, वास राहतो.

वाइनचं यीस्ट २ ग्रॅम. वीस मिली, ३५-४० अंशांच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवा, थोडा रस घालून सवय करा, मग बादलीत. थंड रसात सुकं यीस्ट भुरभुरलं तर निम्मं मरतं.

गोव्यात खरी मारामारी तापमानाची. आंबताना बादली स्वतः तापते. खोली ३२ असली की आतलं ३५ च्या पुढे जातं, यीस्ट मध्येच थांबतं आणि अर्धवट गोड रस जिवाणूंच्या हवाली होतो. उपाय सोपा: बादली मोठ्या टबात पाण्यात ठेवा, सकाळ-संध्याकाळ बर्फ गोठवलेल्या दोन बाटल्या टबात सोडा, बादलीभोवती ओलं गोणपाट. आतलं तापमान २८ च्या वर जाऊ द्यायचं नाही. थर्मामीटर रसात, भिंतीवर नव्हे. आणि बंद खोलीत करू नका, वायू खाली साचतो.

टोपी दिवसातून चारदा दाबा, तोंडावर सुती फडकं घट्ट बांधा. घनता १.०९० वरून १.००० च्या खाली आली की, पाच ते सात दिवसांत, गाळून दाबा. मग एअरलॉक (वायू बाहेर सोडणारं, हवा आत न घेणारं बूच) लावलेल्या काचेच्या भांड्यात, गळ्यापर्यंत भरून. भांडं अर्धं रिकामं ठेवलं तर वरची हवा वाइनचा शिरका करते. तीन आठवड्यांनी गाळावरून नळीने वेगळी करा, पुन्हा दोन महिन्यांनी. हाती सहा लिटर उरेल.

करण्याआधी तालुक्याच्या अबकारी कार्यालयात नियम विचारून घ्या. विकायची तर मुळीच नाही, आणि चोथा घरी गाळायचा विचारही नको. परवान्याशिवाय भट्टी हा गुन्हा आहे.

---

बरणी

एवढा खटाटोप? द्राक्षं, साखर, मूठभर गहू, बेकरीचं यीस्ट, बरणीत २१ दिवस. नाताळला घरोघरी हेच होतं.

---

द्राक्षमोड

होतं, आणि गोड लागतं म्हणून खपतं. बेकरीचं यीस्ट आठ-दहा टक्क्यांना दमतं, उरलेली साखर गोडी म्हणून राहते. ते नीट खाली बसत नाही, म्हणून पावाचा वास येतो. गव्हाने पिठूळ धूसरपणा येतो, जोर वगैरे काही येत नाही. आणि झाकण घट्ट आवळलेली बरणी फुटते, लिटरभर रसातून कित्येक लिटर वायू निघतो. नाताळच्या केकबरोबर घोटभर प्यायला ती ठीकच. फक्त तिला सहा महिने ठेवायच्या भानगडीत पडू नका.

---

जेवणघर

न पिणाऱ्या दोघांची कुणी दखलच घेतली नाही! तोडणीच्या दिवसांत ताज्या रसाची, 'मुस्तोस'ची, खास पक्वान्नं असतात. 'पेतिमेझी' म्हणजे रस आटवून केलेली काकवी. तिचे कडबोळ्यांसारखे 'मुस्तोकुलुरा' बेकरीत मिळतात. आणि 'मुस्तालेव्रिया' ही वाडग्यात ओतून गार केलेली द्राक्षरसाची खांडवी म्हणा.

घरी करायची तर: एक लिटर ताजा गोड रस. मलमलीत दोन चमचे स्वच्छ लाकडाची राख बांधून ती पुरचुंडी रसात दहा मिनिटं उकळवायची. फेस येतो, आंबटपणा मोडतो. मग हलवायचं नाही, रात्रभर निवळू द्यायचं आणि वरचा निवळ रसच ओतून घ्यायचा. हात हलला तर राख तोंडात. थोड्या गार रसात ११०-१२० ग्रॅम मैदा किंवा कॉर्नफ्लोअर कालवून उरलेल्या कोमट रसात घालायचं, कढत रसात नाही, गुठळ्या होतात. मंद आचेवर दोदोल घोटतो तसं घोटत राहायचं, चमच्याच्या पाठीला जाड थर धरला की उतरवायचं. वर दालचिनी आणि अक्रोड. साखर लागतच नाही.

पिणाऱ्यांसाठी एक: खाणावळीत सुटी वाइन, 'खिमा', किलोवर मागतात. 'मिसो किलो' म्हणजे अर्धा किलो, साधारण अर्धा लिटर. पहिल्यांदा ऐकून दचकायचं नाही. अयोर्गीतिकोचं टॅनिन मऊ, त्यामुळे इकडे आल्यावर शागुतीबरोबर ती भांडत नाही. फार तिखट मात्र नको, तिखटाने दारू जास्त जाळते.

---

खांबपारखी

बाटल्यांचं राहिलं. भारतात उतरताना माणशी २ लिटर मद्य शुल्कमुक्त. म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. तिसरी घेतली तर सव्वादोन लिटर होतात आणि शुल्क भरायला कस्टम्सच्या लाल मार्गिकेत जावं लागतं. १०० मिलीच्या वरचं द्रव केबिनमध्ये सहसा चालत नाही, तेव्हा बाटल्या चेक-इनच्या बॅगेत, प्रत्येकी जाड कपड्यात, बॅगेच्या मधोमध, कडेला नव्हे. प्लास्टिकच्या बाटलीतली खिमा आणू नका, प्रवासात शिजते.

इकडे पोचल्यावर माळ्यावर किंवा स्वयंपाकघरात ठेवू नका. मे महिन्यात तिथे वाइन उकडते, बूच वर सरकतं. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, आडवी. उघडण्याआधी अर्धा-पाऊण तास बाहेर काढा, लाल वाइन १६-१८ अंशांवर बरी लागते. आपलं 'खोलीचं तापमान' म्हणजे कढण.

व्हिसासाठी विम्याची रक्कम किमान ३०,००० युरो लागते, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. सप्टेंबरसाठी मे उजाडला की लागाच. आणि १ मे, २५ मार्च, ईस्टरचा रविवार, २५-२६ डिसेंबर, १ जानेवारीला सरकारी अवशेष बंद असतात. सप्टेंबरात त्यातलं काही नाही.

---

शिगमो (फोंडा)

१७ ते २० सप्टेंबर ठरवतोय. पहिली सकाळ देऊळ-स्टेडियम, दुसरा दिवस तळातली आणि मधल्या पट्ट्यातली एकेक वायनरी, तिसरा वरच्या गावाकडे. पोफळीवाल्याने आत्तापासून 'गालाझोपेत्रा' घोकायला घेतलंय.